पुडी नंबर एक

कंपाउंडर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पुड्या बांधायची सवय काही सुटली नाही. छत्तीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधल्या, आता घरात फुलांच्या बियांच्या. तेच पांढऱ्या कागदाचे चौकोन, तीच घडी, एक टोक दुसऱ्यात असं खोचलेलं की पुडी उलटी करून झटकली तरी कण सांडायचा नाही. आणि वर नुसता नंबर. नाव नाही, रंग नाही, काही नाही. कुठला नंबर कुठल्या फुलाचा ते एका वहीत, आणि वही त्यांच्या कपाटात. बायकोने शंभरदा सांगून पाहिलं, "अहो, वर 'झिनिया' एवढं लिहायला हात झिजतात का तुमचे?" तर म्हणे, दवाखान्यात असंच असतं. जसा काही झिनियाला ताप आला होता!

या बियांनी तिचा जीव नकोसा केला होता. खिडकीत वर्तमानपत्रावर झेंडूची वाळकी बोंडं, कपड्यांच्या कपाटावर कॉसमॉस, पाहुण्यांच्या खुर्चीत आणखी कसलीतरी काटक्यांची जुडी. कोणी आलं की आधी बी उचला, मग माणसाला बसवा. बरं, चार ताजी फुलं तोडून फुलदाणीत ठेवावीत, तर हे लगेच ओरडणार, "अगं अगं, बी धरायचंय!" फूल टवटवीत असेपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही, आणि सुकून काळं पडलं, ओंगळ दिसायला लागलं की यांच्या प्रेमाला भरतं यायचं.

तेही तिने चालवून घेतलं असतं. चालवून घेण्यातच तर आयुष्य गेलं. पण डोळ्याचं काय?

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आता थांबू नका. फार पिकला की ऑपरेशन अवघड होतं, आणि डावाही त्याच वाटेवर आहे." कंपाउंडरांनी "हो, हो" म्हणून मान डोलावली आणि घरी येऊन म्हणाले, "झिनियाचं बी तेवढं होऊ दे." ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, मग बी कोण काढणार? झिनिया झाला, तर कॉसमॉस. कॉसमॉस झाला, तर झेंडू. तीन तारखा मोडल्या, आणि दर वेळी दवाखान्यात फोन करून खोटं बोलायचं तिने. त्यांना सर्दी झालीय म्हणून. तिसऱ्या खेपेला तिकडची नर्स म्हणाली, "काकू, काकांना बारा महिने सर्दीच असते का हो?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छत्तीस वर्षं लोकांना सांगितलंत, औषध वेळेवर घ्या, औषध वेळेवर घ्या!" ती फोन ठेवून कडाडली. "स्वतःची वेळ आली की लागलात बागेत लपायला!"

"आता जांभळं अॅस्टरच राहिलंय गं," कंपाउंडर म्हणाले. "त्याचं बी दोन वर्षांपुढे टिकत नाही. एक साल चुकलं की गेलं."

इथे मात्र ती नरमली, कारण ते अॅस्टर तिचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परतताना आईने रुमालाच्या टोकाला बी बांधून दिलं होतं. पुढे आई गेली, भावाने घर विकलं, आईच्या बागेवर तीन मजली इमारत उभी राहिली. माहेरचं म्हणावं असं आता एवढंच शिल्लक होतं, भिंतीकडेच्या वाफ्यातलं जांभळं फूल. तिने राग गिळला. "काढा बी. पण चौथी तारीख मोडलीत तर माझ्याइतकं वाईट कोणी नाही."

पाचच दिवसांत कंपाउंडरांनी बोंडं कापली, झाडं उपटली, वाफा साफ केला आणि पुडी बिस्किटांच्या डब्यात ठेवून जाहीर केलं, "झालं काम!"

आठवडाभराने फळी पुसताना तिने तो डबा उघडला, तर कुबट वास. पुडी नंबर एक दमट लागली. सोडून बघते तर आत बुरशी, आणि बी कसलं, पांढरं, पोकळ, कच्चं. सोबत हिरव्या देठाचे तुकडे. बोंड तपकिरी होऊन हातात चुरचुरल्याशिवाय कात्री न लावणारा हा माणूस, त्याने हिरवी बोंडं कापली होती! मग तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. या डोळ्याला सगळं पिवळट, मातकट दिसत असेल, असं ते म्हणाले होते. हिरवी बोंडं यांना वाळलेली दिसली होती. तिला इतका संताप आला की डबा खिडकीबाहेर भिरकावून द्यावा. आणि पाठोपाठ रडू आलं, कारण वाफा रिकामा होता.

दुपारी कंपाउंडर झोपलेले बघून तिने वही काढली. पहिल्याच पानावर होतं, "नंबर १. हिच्या आईकडची जांभळी." खाली दर सालची एक ओळ, अशा अडतीस. यंदाची ओळ वाकडी होत खालच्या रेघेवर उतरली होती. मागच्या सालच्या ओळीपुढे लिहिलं होतं, पुड्या दिल्या: मास्तर, लायब्ररीच्या बाई, इस्त्रीवाला.

तिने चपला घातल्या.

मास्तरांनी सगळं बी पेरलं होतं आणि सगळी रोपं गोगलगाईंनी फस्त केली होती. लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, "पुडी ना? घेतली की मी! पोट बिघडलं होतं, कोमट पाण्याबरोबर घेतली. काय गुण आला म्हणून सांगू! कंपाउंडरांच्या हातालाच गुण आहे."

तिने कपाळावर हात मारून घेतला. आणखी लिहा नंबर!

इस्त्रीवाल्याने बटणांच्या खणात हात घालून पुडी वर काढली. "ही का? मला वाटलं पित्तावरची. सकाळपासून घशाशी येतंय, आज घेणारच होतो."

"घेऊ नका!" ती ओरडली आणि पुडी त्याच्या हातातून हिसकावली. "फूल आहे ते!"

घरी येऊन तिने पुडी उघडली. बी टपोरं, तपकिरी, कोरडं खडखडीत. तशीच घडी घालायचा चारदा प्रयत्न केला आणि शेवटी जमेल तशी पुडी डब्यात ठेवून दिली. यांच्यापुढे अवाक्षर काढलं नाही. ऑपरेशन ठरल्या तारखेला पार पडलं.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी कंपाउंडरांनी चहाच्या आधी डबा मागितला. पुडी हातात घेतली, फिरवून पाहिली, उघडली, परत मिटली.

"ही तू बांधलीस."

"काहीतरीच!"

"टोक उलट्या बाजूने खोचलंय. आणि बी मागच्या सालचं आहे. माझं तर बुरसलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?" तिचा पारा चढला. "डबा तुम्ही उघडला होतात? मग सांगायला काय झालं होतं? दारोदार फिरले मी! डोळ्याला मोतीबिंदू होता, तोंडाला काय झालं होतं?"

कंपाउंडरांनी पुडी पुन्हा उघडून बी तळहातावर घेतलं. "अडतीस वर्षांत तू मला एकच गोष्ट सांभाळायला दिलीस," ते म्हणाले. "ती माझ्या हातून गेली, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं, महिनाभर साठवलेलं. पण बाहेर आलं ते भलतंच. "बी गेलं असतं तर गेलं असतं," ती म्हणाली. "डोळा गेला असता तर मी काय करणार होते?"

त्यांनी नवा कागद घेतला, नेहमीची घडी घातली आणि सवयीने वर 'एक' लिहायला पेन टेकवलं. तिने मनगट धरलं.

"नाव लिहा. लोक खातात."

कंपाउंडरांनी खाली मान घालून, सरळ ओळीत लिहिलं, 'हिच्या आईकडची जांभळी.' आणि त्याखाली, दवाखान्यातल्या मलमाच्या डब्यांवर लिहायचे तसं, 'पोटात घेऊ नये.'