अयुथ्थयाहून आणलेलं पाकीट

दिलावरचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. इथे कुवेतमधल्या फहाहीलच्या मसाल्याच्या दुकानात सकाळी शटर वर करतानाच ते खाली बसले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या खोलीतले बशीरभाई सांगत होते. मला मात्र आधी आठवला तो माझ्या खणात आठवडाभर पडून असलेला त्यांचा रिपोर्ट...

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून कुवेतला आलो, तेव्हा दापोलीकडच्या या माणसाने ओळखदेख नसताना मला महबूल्याच्या वस्तीत राहायला जागा मिळवून दिली, कागदपत्रांच्या रांगेत स्वतःची सुट्टी घालवली. "पोरगा शिकलेला आहे आपला," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. इथे आम्हां सगळ्यांचीच मोठी सुट्टी म्हणजे गाव. चाचांच्याही साऱ्या सुट्ट्या गावी गेल्या. चाची वारल्या, मुली सासरी गेल्या, तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "या खेपेस थायलंडला जाऊ. ती जुनी राजधानी बघायची आहे मला."

गेलो. त्या जुन्या राजधानीत, अयुथ्थयाला, झाडाच्या मुळांत अडकलेला बुद्धाचा चेहरा आहे. त्याच्यापेक्षा उंच उभं राहून फोटो काढायचा नाही, बसायचं, असा तिथला नियम. गुडघे धरून चाचा जमिनीवर बसले आणि फोटो काढून झाल्यावरही बसूनच राहिले. जेवायचे मात्र हाल होते. हलाल मिळेल की नाही या शंकेने दोन दिवस त्यांनी भात आणि तळलेल्या अंड्यावर काढले. तिसऱ्या दिवशी एका रस्त्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका पातळ रोट्या भाजताना दिसल्या. रोटीत साखरेचे रंगीत, केसांसारखे बारीक धागे ठेवून गुंडाळी करून देत होत्या. चाचांनी सलाम केला, बाईने हसून उलट सलाम केला. "बघ, इथे पण आपली माणसं," म्हणत त्यांनी रोटी हातात घेतली, आणि मी ती काढून घेतली.

"चाचा, तुमची साखर मी तपासली आहे. तुम्हाला हे चालणार नाही."

"एक घास रे."

"नाही म्हटलं ना."

ते रागावले नाहीत. "तू शिकलेला, तू म्हणशील तसं," म्हणाले आणि मला खायला लावून माझ्याकडे बघत राहिले. निघताना त्या धाग्यांचं एक पाकीट घेतलं. "पुढचा रिपोर्ट चांगला आला की खाईन. तोवर गोड बंद."

त्यांनी खरंच बंद केलं, चहासुद्धा बिनसाखरेचा. तीन महिन्यांनी तपासणीला रक्त दिलं आणि रिपोर्ट चांगला आला. लगेच फोन करता आला असता. पण शुक्रवारी समोर बसवून सांगू, नीट समजावू, असं मी ठरवलं. तो शुक्रवार ड्यूटीत गेला, आणि पुढचा यायच्या आत चाचा गेले. ज्या शिक्षणाचं त्यांना एवढं कौतुक, त्याचा रुबाब मी त्यांच्यावरच झाडला.

सामान आवरायला गेलो तेव्हा बशीरभाईंनी फ्रिजमधून ते पाकीट काढून दिलं. "रोज विचारायचा, पोराचा फोन आला का," म्हणाले.

पाकीट आता माझ्या फ्रिजमध्ये आहे. धाग्यांचा एकच कडक गोळा झाला आहे. मी ते फोडलेलं नाही... हल्ली लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाला की आधी फोन उचलतो.