मन्मथप्पांची गुंडगी

"ह्यो घेऊ नका. रंग जातो."

मन्मथप्पांच्या कापड दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या कानावर बहुतेक वेळा पहिलं वाक्य पडायचं ते हे. बिचारं गिऱ्हाईक कापडावरून कौतुकानं हात फिरवत असायचं आणि आप्पा गादीवर बसल्या बसल्या त्याच्या उत्साहावर पाणी ओतायचे. "त्यो धुतल्यावर आकसतो. ह्यो चांगला हाय, पर तुमच्या अंगाला शोभायचा न्हाई." लातूरच्या बाजारात उभी हयात काढली, पण स्वतःच्या मालाची अशी निंदा करणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. गंमत म्हणजे दुकान जोरात चालायचं. आप्पांनी 'घ्या' म्हटलं की लोक डोळे झाकून घ्यायचे.

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच. मधली भिंत म्हणजे नुसता प्लायवूडचा आडोसा. पलीकडे कापड फाडल्याचा टर्र आवाज आला की अलीकडे मी गळ्यातली टेप सरळ करायचो, कारण गिऱ्हाईक आता माझ्याकडे येणार हे ठरलेलं. सगळा बाजार मला मास्टर म्हणतो, आप्पाही तेच म्हणायचे. ते लिंगायत, मी मुसलमान. त्यावरून त्यांची एक ठरलेली थट्टा होती. "मास्टर, आपुन दोघं बी मातीतच जाणार. तू आडवा, मी बसून. जागा मलाच कमी लागती बग." आप्पा खरोखरच गेले त्याला आता बराच काळ लोटला, पण दुपारी दुकानात शांतता असली की मला अजून पलीकडून कापड फाडल्याचा आवाज ऐकू येतो.

त्यांच्या गळ्यात शिवदोऱ्याला चांदीची एक छोटी गोल डबी असायची. तिला ते गुंडगी म्हणत. आत इष्टलिंग. लहानपणी दीक्षेच्या वेळी गुरूंनी दिलेलं, तेव्हापासून अंगावेगळं झालेलं नव्हतं. रोज सकाळी आंघोळ करून ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, त्याच्याकडे एकटक बघत बसायचं, आणि मगच तोंडात काही टाकायचं. पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. ताप असो, लग्न असो, प्रवास असो, त्यात कधी बदल नाही. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आप्पा, एखाद्या दिवशी राहिली पूजा तर काय होईल?" आप्पा म्हणाले, "काय व्हायचंय? मी राहीन उपाशी. देवाला काय, त्यो कुठं जेवतोय?"

साठीच्या अलीकडे त्यांना साखरेचा आजार जडला आणि रोजची इन्शुलिनची सुई मागे लागली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. माणसाला चाला म्हटलं तर तो मैदानाला चार फेऱ्या मारतो. आप्पा डोंगरावर गेले! आधी रेणापूरकडच्या टेकड्या झाल्या, मग बालाघाटाचे कडे. शहरातल्या पोरांच्या गटाबरोबर ते एकदा गेले आणि वैतागून परत आले. "चढायला दम लागतो, फोटू काढायला न्हाई लागत त्यांना." त्यानंतर एकटेच. सोबत येऊ का म्हटलं तर म्हणायचे, "डोंगरावर दोघं गेले की एक बोलतो, एक ऐकतो. डोंगर कुणीच बघत न्हाई."

नांदेडला विष्णुपुरीजवळ त्यांच्या मुलानं, महेशनं, घर बांधलं. वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो. कार्यक्रम उरकला आणि आप्पांच्या डोक्यात किनवटकडचे डोंगर शिरले. "एवढं आलोच हाय तर." महेशला कामावर जायचं होतं, म्हणून त्यानं एक जीप ठरवून दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, तुम्ही संगं असा." माझे गुडघे डोंगराच्या नावानंच दुखतात. तरी गेलो.

सकाळी आम्ही पायथ्याच्या वस्तीशी पोचलो. चहाची एक टपरी, चार घरं, आणि मागे सागाचं जंगल चढत गेलेलं. उन्हाळा तोंडावर होता. सागाची पानगळ झालेली, ताटाएवढी वाळकी पानं जमिनीवर थरच्या थर पडलेली. पायवाट अशी दिसतच नव्हती. आप्पांनी जीपमध्ये बसूनच पोटाला सुई टोचून घेतली.

"आप्पा, सुई घेतलीत, आता काहीतरी खा," मी म्हणालो.

"वर जाऊन पूजा करीन, मग खाईन. किती येळ लागतोय?"

मी चिडलो. असली अवलक्षणं कुणी सांगितली आहेत, असंही म्हणालो. त्यांनी पिशवी दाखवली. पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे आणि मी दिलेला खजूर. "समदं हाय की संगं," असं म्हणत ते हसले आणि पानं तुडवत वर निघाले. बराच वेळ पानांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

ऊन डोक्यावर आलं तरी आप्पा खाली आले नाहीत. फोन लागत नव्हता. मी टपरीपासून जीपपर्यंत आणि जीपपासून टपरीपर्यंत येरझाऱ्या घालत होतो. टपरीवाला म्हणाला, "वर रस्ता चुकला की पलीकडच्या दरीत उतरतंय माणूस. तिकडं अस्वलं हायत." हे ऐकून मला राहवेना. वस्तीतली दोघं-तिघं काठ्या घेऊन वर गेली. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मास्टर," आप्पांचा आवाज लांबून आल्यासारखा होता, "गुंडगी पडली रं."

वर पोचल्यावर पूजेसाठी त्यांनी गळ्याशी हात नेला, तर दोरा तुटलेला, गुंडगी नाही. कुठे पडली कळेना. मग ते आल्या वाटेनं मागे फिरले, मान खाली घालून, एकेक पान उलटत. वर बघायचं भानच राहिलं नाही. वाट कधी सुटली, दरीत कधी उतरले, त्यांनाही सांगता येईना.

"आत्ता कुठे आहात? काय दिसतंय?"

"सागच साग हाय समदा. एक कोरडा ओढा हाय. शोधायलोय मी."

"शोधणं सोडा! आधी खजूर खा. पाणी प्या."

"पूजा न्हाई झाली."

मी विनवण्या केल्या, ओरडलो. त्यांच्या देवाची शपथ घातली, माझ्याही देवाची घातली. महेशचं नाव घेतलं, नातीचं घेतलं. प्रत्येक वेळी पलीकडून तेच, "पूजा न्हाई झाली, मास्टर." त्यांची जीभ जड होत चालली होती. अंगाला दरदरून घाम सुटलाय, हात कापतोय, असं ते स्वतःच सांगत होते, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मग एकदम आवाज बदलला आणि आप्पा म्हणाले, "दोन मीटर फाडू का? अस्तराचं बी लागंल की तुमाला."

माझ्या घरात वडिलांना साखर होती. साखर उतरून डोकं असं भरकटायला लागलं की पुढे काय होतं, मी पाहिलेलं होतं. पिशवी त्यांच्या खांद्यावर होती, खजूर पिशवीत होता, आणि हा माणूस माझ्या कानाशी मरत होता.

"आप्पा!" मी ओरडलो. "सापडली! गुंडगी सापडली! जीपमध्ये सीटच्या फटीत होती. माझ्या हातात आहे."

"दोरा तुटलाय का?"

"तुटलाय."

"लिंग हाय ना आत?"

"आहे."

खरं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते प्रश्नही शंका म्हणून नव्हते. आयुष्यभर ज्यानं कापडाचा रंग लपवला नाही, त्याला दुसरा माणूस लपवील हे सुचलंच नसावं. ते रडत होते, एवढं मला ऐकू आलं.

"हात धुतलास का?" त्यांनी विचारलं.

जीपचा ड्रायव्हर बाटली घेऊन उभाच होता. फोन खांद्यानं कानाशी दाबून मी हात धुतले. "धुतले."

"मग तूच कर माझी पूजा. डाव्या तळव्यावर घे. मला दिसत न्हाई, तुला दिसतंय. चालतंय का न्हाई ते मागून मठातल्या स्वामीला इचारीन. पाणी घाल."

मी डावा हात पुढे केला. त्यावर काही नव्हतं. आप्पांना तिथून काही दिसणार नव्हतं, नुसतं 'घातलं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पलीकडून आप्पा अडखळत 'ॐ नमः शिवाय' म्हणायला लागले आणि मी ड्रायव्हरला खूण केली. त्यानं बाटली माझ्या उजव्या हातात दिली. मी रिकाम्या तळहातावर धार धरली. पाणी बोटांमधून धुळीत पडत होतं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता आणि मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"घातलं आप्पा. आता प्या तुम्ही. खा."

बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला. घटाघटा पाणी प्यायलेलं मी ऐकलं. मग चघळल्याचा आवाज. मी "आणखी खा, आणखी एक" म्हणत राहिलो. मध्येच फोन तुटला, तो पुन्हा लागला नाही.

उरलेला दिवस कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. वनखात्याचे लोक आले, बाजूच्या तांड्यावरची माणसं आली, महेश नांदेडहून धावत आला. अंधार पडायच्या आत आप्पा सापडले. कोरड्या ओढ्यात एका दगडाला टेकून बसलेले, खजुराच्या बिया मांडीवर. खाल्लं नसतं तर वाचले नसते, असं नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. महेश माझ्या पायाला हात लावायला निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आप्पांनी नर्सकडून अंग पुसून घेतलं, डावा हात धुतला, आणि माझ्यापुढे धरला.

"दे."

मी खरं काय ते सांगितलं, गुंडगी सापडलीच नव्हती.

त्यांनी हात लगेच मागे घेतला नाही. तो तसाच हवेत राहिला. महेश म्हणाला, "बाबा, चाचामुळं तुमी..." आप्पा म्हणाले, "गप." मग भिंतीकडे तोंड केलं. "मी खरं समजून खाल्लं, मास्टर." एवढंच बोलले.

वस्तीतल्या लोकांनी पुढे कितीतरी दिवस ती पानं चाळली. गुंडगी मिळाली नाही. मठातल्या स्वामींनी आप्पांना नवं लिंग दिलं, रोजची पूजा पुन्हा सुरू झाली. माझ्याशी बोलणं मात्र सुरू झालं नाही. प्लायवूडच्या पलीकडे ते खोकलेले मला ऐकू यायचे, अलीकडे माझी मशीन त्यांना ऐकू जायची, आणि आम्ही दोघं मुके. मी सणाला शीरखुर्मा पाठवला, तो झाकलेला परत आला. बाजारातल्या चार मोठ्या माणसांनी समजूत घालून पाहिली. उपयोग शून्य. पण गिऱ्हाइकानं विचारलं की शिवायला कुठं द्यावं, तर आप्पा सांगायचे, "बाजूला मास्टर हाय. त्याच्यासारखी शिलाई कुठं न्हाई." हे ऐकलं की मला जास्तच लागायचं. भांडले असते, शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्यांना वाचवलं होतं आणि तेवढ्यासाठीच गमावलं होतं. पुन्हा तशी वेळ आली असती तर पुन्हा तेच खोटं बोललो असतो, हेही मला माहीत होतं. म्हणून माफी मागायला तोंडही नव्हतं.

असं बरंच चाललं. मग डोळे अधू झाले म्हणून आप्पांनी दुकान पुतण्याला दिलं आणि नांदेडला मुलाकडे कायमचं जायचं ठरवलं. जायच्या दिवशी महेश बाहेर गाडीत सामान भरत होता. मी खाली मान घालून शर्टाला काज करत होतो. उजेड अडला म्हणून वर पाहिलं, तर दारात आप्पा.

"एक इचारायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी पाणी घातलं होतंस का? का नुस्तंच घातलं म्हणालास?"

"घातलं होतं."

"कशावर?"

"हातावर. हात रिकामा होता, आप्पा." मी सुई बाजूला ठेवली. "खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. नंबर असेल महेशकडे."

"ड्रायव्हरला कशाला?" आप्पा म्हणाले.

ते उंबऱ्याशी तसेच थांबले. धूसर झालेल्या डोळ्यांनी माझा चेहरा शोधत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाणी खरं होतं, म्हंजी पूजा झाली होती की रं माझी. आन मी एवढे दिस पूजेबिगर खाल्लं समजून बसलो."

महेशनं बाहेरून हाक मारली. आप्पांनी ती ऐकली, पण मागे वळले नाहीत. चपला दारात काढून, प्लायवूडला हात लावत लावत ते आत आले आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसले.