सुई उचल

आमचा रेकॉर्डप्लेअर दुरुस्त होऊन आला. तसा तो ऑटोमॅटिकच. पण आतलं ग्रीस सुकलं होतं, त्यामुळे रेकॉर्ड संपली तरी दांडी हलायची नाही, सुई नुसती खरखरत राहायची. मग आरामखुर्चीतून यांची हाक यायची, “अगं, सुई उचल.” मी कणकेचे हात धुऊन, चरफडत, स्वयंपाकघरातून बाहेर यायचे. रोज संध्याकाळी, कित्येक वर्षं.

आज गाणं संपलं आणि दांडी आपली आपण उठून जागेवर जाऊन बसली.

“बघ, सुटलीस!” हे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी सवयीनं हात धुऊन दारात उभी होते. दिवसाकाठी हे माझ्याशी तेवढंच एक वाक्य बोलायचे. आता तेही दुरुस्त झालं.