इंजिन फेल नव्हतं, आबानू

आबा तांडेल गेले.

सकाळी नंदूचा मेसेज आला. "हार्ट फेल." एवढंच. खाली हात जोडलेले.

मी म्हापशाच्या स्टँडवर पाव खात होतो. पाव हातातून गळून पडला वगैरे काही झालं नाही. खाल्ला पूर्ण. मग बाकावर बसून राहिलो.

फेल.

हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलोय. दहावी फेल. घाटात बाईकचे ब्रेक फेल. मामाची किडनी फेल. फोनवर पेमेंट फेल. रबराच्या बागेतलं काम तिसऱ्या महिन्यात सोडून पळालो, तेव्हा घरचे म्हणाले, ह्यो पण फेल.

फार सोयीचा शब्द. वस्तू मोडते, पण कोणी मोडली ते सांगावं लागत नाही.

असो. आबांबद्दल लिहायला बसलोय.

तीन वर्षांपूर्वी मी मालवणला त्यांच्या होडीवर खलाशी होतो. मी दोडामार्गचा, काजूच्या बागेतला. पहिल्याच दिवशी त्यांनी पोहण्याचं विचारलं,

"पवाक येता?"

"नाय."

"मगे पडा नको."

झालं माझं ट्रेनिंग.

दुसरा नियम डिझेलचा. "कॅन सगळो रिकामी करायचो नाय. तळाची चार बोटां ठेवायची. पाणी खाली बसता."

तिसरा नियम, जागा सांगायची नाही. आबांची सुरमईची एक जागा होती. अख्खं बंदर ती शोधत होतं, आणि सगळ्यांत जास्त त्यांचा सख्खा मेव्हणा, नंदू. रोज वायरलेसवर विचारायचा, "आबा, खंय आसास?"

"विजयदुर्गाच्या भायर."

विजयदुर्गाला आम्ही कधीच गेलो नव्हतो.

त्या दिवशी सकाळी मी एका हाताने डिझेल ओतत होतो. दुसऱ्या हातात फोन. मित्राने कसलासा व्हिडिओ पाठवला होता, कुत्रा स्कूटरवर बसलेला. हसत हसत सगळा कॅन ओतला.

तळासकट.

दुपारी आबांच्या जागेवर जाळं ओढून घेतलं आणि इंजिन खोकलं. दोनदा. मग बंद.

वारा किनाऱ्याकडे. समोर खडपं, काळे खडक. मधे फक्त पांढरं पाणी.

आबांनी नांगर टाकला. खाली सगळा कातळ. नांगर धरेना, घासत घासत आमच्यासोबत यायला लागला. दोरीतून ती घरघर पायापर्यंत येत होती.

मी वायरलेस ओढला. "इंजिन फेल! इंजिन फेल!"

नंदूचा आवाज आला. "कसला फेल? खंय आसात तुमी?"

मी आबांकडे बघितलं. ते फिल्टर उघडून बसले होते. काचेच्या वाटीत खाली पाणी, वर डिझेल. स्वच्छ दिसत होतं.

"कॅन सगळो ओतलंस?"

"नाय."

"खरा सांग."

"नाय, आबानू. शप्पथ."

त्यांनी पाणी काढलं, हाताने पंप मारला. इंजिन धरेना. परत मारला. बोटं सोलली. खडपांवर बसलेले पक्षी आता मोजता येत होते.

वायरलेसवर नंदू ओरडत होता. "आबा, मी विजयदुर्गाकडे होडी वळवलंय! येतंय!"

उलट्या दिशेला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. मला वाटतं त्यांना तेवढंच दिसलं, की ह्याला पोहता येत नाही.

त्यांनी माझ्या बाजूला पडलेला वायरलेस उचलला. एक क्षण थांबले. तो क्षण मला आजही लांब वाटतो.

"नंद्या, विजयदुर्गाक जाव नको. देवळाचो कळस आणि मोडको माड एका रेघेत घे. मगे सरळ भायर ये. खडपाच्या आंगाक. बेगीन."

सगळ्या होड्या ऐकत होत्या. मग नंदू म्हणाला,

"म्हाताऱ्या, इतकी वर्सां थंय होतंस?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार. ये आदी."

नंदूने दोरी फेकली तेव्हा खडपं एवढी जवळ होती की आबा एक बांबू घेऊन उभे होते, होडी ढकलायला.

वाचलो.

बंदरावर सगळ्यांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत आबाच म्हणाले, "इंजिन जुना. फेल झाला."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर अकरा होड्या होत्या. महिन्याभरात सुरमई संपली. आबा त्यानंतर काठाकाठाने बांगडे धरत राहिले. आबांची बायको, काकी, एकदा म्हणाली, "जुन्या इंजिनान घात केल्यान." मी तिच्या हातचं जेवत होतो. मुकाट जेवलो.

त्या जेवणानंतर आठ दिवसांनी गोव्याला पळालो.

आबांना संशय होता का? माहीत नाही. त्यांनी परत कधी विचारलं नाही, आणि मी फोन करायचो तेव्हा हवापाण्याचं बोलायचो.

काकी, नंदूमामा, तुम्ही हे वाचत असाल किंवा कोणी वाचून दाखवेल. इंजिन चांगलं होतं. कॅन मी तळापर्यंत ओतला. विचारल्यावर खोटं बोललो, आणि आबांनी माझ्यासाठी आपली जागा सगळ्या बंदराला देऊन टाकली.

मालवणच्या गाडीत बसलोय. दारात येतोय. आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आबानू, तुमका हात जोडतंय. सुखान जावा.