रक्त चोरीला गेल्याची फिर्याद

माझ्या नोकरीत बैल चोरीला गेले, सायकली गेल्या, एकदा विहिरीवरची मोटच गेली. पण रक्त चोरीला गेल्याची फिर्याद एकदाच आली, आणि ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

साठच्या आसपासची वर्षं. मी मूळचा अकोल्याचा, तेव्हा वरूडच्या बाजूला एका ठाण्यावर ठाणेदार होतो. हजेरी चालू असताना एका सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याची, बायको सरळ माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, माह्या नवऱ्याचं रगत काढून नेलं. ते वापस द्याले सांगा."

हवालदार खो खो हसला. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आवरत नव्हतं.

"कोणी नेलं?"

"मालकानं अमरावतीले नेलं होतं त्याले. दवाखान्यात सुई टोचून शिशीभर रगत काढलं म्हणते. काहून काढलं ते सांगत नाई, शपथ हाय म्हणते. तवापासून बाजीवर पडून हाय. आता संत्र्याचा तोडा आला, मी एकटी काय काय करू?"

स्टेशन डायरीत हे कोणत्या कलमाखाली लिहायचं ते हवालदाराला कळेना, आणि खरं सांगतो, मलाही कळेना. "नोंद घे," एवढंच म्हटलं आणि शिपायाला पाठवून नवऱ्याला बोलावून घेतलं.

गडी चांगला धडधाकट होता. डाव्या कोपराच्या आतल्या लवणीत निळाकाळा डाग होता.

"बैलबंडीवरून पडलो जी."

पडणाऱ्याचं कोपर बाहेरून फुटतं, आतून नाही. हे मी सांगताच त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. दम दिला, मग चहा पाजला. "मालकाची शपथ हाय," यापुढे गाडी सरकेना. अमरावतीला कोणत्या दिवशी गेला होता, ते मात्र सांगून गेला.

तो दिवस ऐकून मी सावध झालो. त्या मालकाचं प्रकरण तेव्हा सगळ्या भागात गाजत होतं. त्याच्या बागेत संत्री भरायला येणाऱ्या एका तरुण बाईला त्याने बायको म्हणून बागेतल्या घरात ठेवलं होतं. मुलगी झाली, तेव्हा स्वतः दुसरीशी लग्न करून हात झटकले. बाईने मुलीच्या पोटगीसाठी कोर्टात अर्ज केला. मालक छाती काढून म्हणाला, "घ्या माह्यं रक्त, तपासा!" कोर्टाने तिघांचं रक्त तपासायला परवानगी दिली. अमरावतीला मायलेकींचं रक्त आधीच घेतलं होतं, मालकाचं घेतलं ते नेमकं त्या दिवशी. अहवाल आला. मुलीच्या रक्तात जो गट होता तो आईकडे नव्हता, म्हणजे बापाकडूनच आलेला. आणि मालकाच्या नावाने घेतलेल्या रक्तातही तो नव्हता. म्हणजे मुलगी त्याची असणं शक्य नाही. विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. निकाल जवळ आला होता. अर्ज फेटाळला गेला असता, तर पोटगीही गेली असती आणि मुलीला बापाचं नावही मिळालं नसतं.

मी साध्या कपड्यांत एकटाच मालकाच्या बागेत गेलो. त्याने खुर्ची टाकली, संत्रं सोलून पुढे केलं.

"तुम्ही आता सुटल्यात जमा," मी म्हटलं. "पण ते रक्त काढताना दुखतं का हो? मला सुईची फार भीती वाटते."

"काय दुखते ठाणेदार साहेब! मलेरियावाला टोचते नं, तसंच," म्हणत त्याने बोट पुढे केलं.

त्या काळी मलेरियाचे लोक गावोगाव फिरून बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत. रक्त बोटातूनच काढतात, एवढंच त्याला माहीत. मी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि उठलो. फार गोड होती हो.

दुसऱ्या दिवशी सालदाराला घेऊन अमरावती गाठली. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी त्याला दारातच ओळखलं. "या मालक! परत कसे आलात?" हे ऐकून सालदाराने डॉक्टरांचे पाय धरले आणि भडाभडा सगळं बोलून टाकलं. मालकाने स्वतःऐवजी त्याला पाठवलं होतं. तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला, आणि कोर्टाने तिघांचं रक्त पुन्हा घ्यायला लावलं, या वेळी पंचांसमोर आणि अंगठे उठवून. नाही म्हणायला मालकाला तोंड उरलं नव्हतं.

मला वाटलं, आता स्वच्छ उत्तर येईल. अहवालात आलं, हा इसम मुलीचा बाप असू शकतो. माझं डोकंच फिरलं. "असू शकतो म्हणजे काय? आहे की नाही ते सांगा ना!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ही तपासणी माणसाला वगळू शकते, पण हाच बाप असं सांगू शकत नाही. या गटाची माणसं तुमच्या ठाण्यातही सापडतील. कदाचित तुमचाही तोच असेल."

मी घाईघाईने विषय बदलला.

गंमत पाहा. मालक सरळ स्वतः गेला असता, तर अहवालात एवढंच आलं असतं आणि त्याच्या वकिलाने ते चुटकीसरशी उडवून लावलं असतं. आपलं रक्त सगळं बोलून जाईल या धास्तीने त्याने दुसऱ्याला पाठवलं, आणि तेच मॅजिस्ट्रेटसाहेबांना पुरलं. पोटगी मंजूर झाली. सालदाराची बायको मात्र शेवटपर्यंत माझ्यावर रुसून होती. तिच्या नवऱ्याचं रक्त काही मी परत मिळवून दिलं नाही.

निकालाच्या दिवशी ती आई कोर्टाच्या आवारात भेटली. मुलगी कडेवर होती. कोपरावरचा डाग, मालकाचं बोट, सगळं मी तिला रंगवून सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं.

"साहेब, पयल्याच खेपेले डाक्टरनं माह्यं रगत घेतलं, हिचंबी घेतलं. सुई पाहून हे लेकरू किती रडलं! मी खोटी असती तं लेकराचा हात पुढं केला असता का? हे कोनालेच काहून नाई सुचलं?"

कोर्ट, वकील, गाव आणि मी, आम्ही सगळे अहवाल वाचण्यात गुंतलो होतो. त्यानंतर कोणत्याही तपासात कागद उघडण्याआधी मी विचारू लागलो, नुसत्या तोंडाने नव्हे, आपणहून हात पुढे कोणी केला? आणि पहिला जबाब त्या माणसाचा घेऊ लागलो.