स्टार्टरमधलं ते चॉकलेटी

माझा आवाज आयुष्यात एकदाच रेडिओवर लागला, आणि तो माझ्याच ट्यूबलाईटनं खाल्ला.

कापसाचे भाव पडलेले. राळेगावात घरोघरी काटकसर चाललेली. तशात रेडिओवाल्यांनी बायांसाठी कमी खर्चातल्या संसारावर कार्यक्रम काढला आणि यवतमाळला बोलावून माझं भाषण टेपवर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात तुह्यं कोनी ऐकत नाही, रेडिओवर कोन ऐकन?" मग मी हट्टानं अख्खी गल्लीच ऐकायला बोलावली.

माणसं जमणार म्हणून बैठकीतली ट्यूब लावली. (एरवी ती पाहुण्यांपुरतीच!) मागे ती नुसती मिचमिच करायची. तेव्हा मीच तिचा स्टार्टर काढून उघडला होता. आत काचेचा बारका दिवा, आणि त्याला चिकटून शेंगदाण्याएवढं काहीतरी चॉकलेटी. एवढंसं ते काय काम करणार? अडकित्त्यानं कापून टाकलं. ट्यूब लख्ख! नवा स्टार्टर वाचला.

तर संध्याकाळी सगळे बसले, मी रेडिओ लावला, आणि आत ज्वारीच्या लाह्या फुटायला लागल्या. माझं नावसुद्धा त्यातच फुटलं.

"काटा सरकला असन. उजेडात आन," हे म्हणाले. मी रेडिओ ट्यूबखाली नेला. लाह्या वाढल्या. शेजारच्या शांताबाईंनी एरियल ओढून धरली. तरी काटा नीट दिसेना, म्हणून हे रेडिओ घेऊन स्टुलावर चढले आणि तो थेट ट्यूबला टेकवला. आता तर आत कापसाची जिनिंग गिरणीच सुरू झाली!

इकडे भाषण संपत आलेलं, माझा जीव खालीवर. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुहाच आवाज हाय हा. मले ओळखू आला."

तेवढ्यात लाईन गेली. गुडुप अंधार. सेलवरचा रेडिओ मात्र एकदम स्वच्छ, आणि त्यातून मी खणखणीत बोलून राह्यलेली:

"भगिनींनो, ट्यूब लागत नसेल तर नवा स्टार्टर घेऊ नका. आतलं चॉकलेटी कापून टाका. त्याचं काहीच काम नसतं. धन्यवाद."

अंधारात स्टुलावरून ह्यांचा आवाज आला, "काम होतं वाटते त्याचं."

पण गल्लीनं ह्यांचं ऐकलंच नाही. त्या आठवड्यात संध्याकाळी बाहेर पडावं, तर घरोघरच्या रेडिओत लाह्या फुटत होत्या.

माझं कोणी ऐकत नाही, असं सासूबाई पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.