घट्ट मोजे घेऊन श्रीवर्धनला

त्या सकाळी मी बायकोला मोजे घातले. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं रोजचं काम. तिच्या पायांच्या शिरा फुगून निळ्या गाठी झाल्या होत्या, म्हणून डॉक्टरने गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे सांगितले होते. ते सकाळी पाय जमिनीला टेकायच्या आधी चढवायचे, आणि म्हाताऱ्या माणसाला एकट्याने चढत नाहीत. मी खाली बसायचो, तिचा पाय मांडीवर घ्यायचो. पहिल्या दिवशी तिने पाय ओढून घेतला.

"नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा न्हाय. मला पाप लागंल."

"लागलं तर मोज्याला लागंल. पाय पुढं कर."

शेजारचा गणपत ओट्यावरून बघून हसायचा. हसू दे.

मोजे आमची लेक वंदना मुंबईहून पाठवायची. ती कामाला आहे तिथे ते बनतात आणि त्यांवरची नक्षी ती काढते. पहिल्या जोडावर कमळं होती. ही म्हणाली, "लक्ष्मीचं कमळ पायात घालू?" जोड परत गेला. मग वंदनाने घोट्याभोवती रांगोळीचे ठिपके काढले आणि त्याच्या वर माणसांची रांग, एकमेकांचे हात धरलेली. टोपलीवाली, झाडूवाला, पागोटेवाला, ओढणीवाली, शेंडीवाला. सगळी एका उंचीची. म्हणे समतेची नक्षी. ही फोनवर लेकीला म्हणाली, "देव पायात चालत न्हाय, मग माणसं कशी चालतात गो?"

वंदना म्हणाली, "आई, ती पायाखाली नाहीत. तुला धरून उभी आहेत."

दुसऱ्या दिवशी हिने पाय स्वतःहून पुढे केला.

तर त्या सकाळी डाव्या मोज्याला गुडघ्याखाली घडी पडली. ती बोटाने सरळ करायची असते. दारात दूध न्यायला माणूस येऊन उभा होता, मी उठलो. ही म्हणाली, "असू दे, जा." दुपारी वाल सोलता सोलता ती गेली.

महिना झाला तरी ती घडी डोक्यातून जाईना. कुणाला बोललो नाही. वंदनाला तर नाहीच. ही गोष्ट कळेल असं एकच माणूस मला माहीत होतं. हिच्या पायांचं माप घेणाऱ्या श्रीवर्धनच्या नर्सबाई. शेवटी न उघडलेला एक जोड आणि ती गेल्यावर डॉक्टरने दिलेला कागद पिशवीत टाकला आणि तळा गावाहून सकाळची एसटी धरली.

म्हसळ्याला गाडी बदलायची होती. चष्मा घरी राहिला होता. समोर लागलेल्या गाडीत बसलो. तिकीट मागताना कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ही दिवेआगरची. श्रीवर्धन गेली मघाच पुढनं." मग काय, दिवेआगर तर दिवेआगर. शेजारी बसलेल्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याला पिशवीतलं मोज्यांचं पाकीट दिसलं. त्याने ते हातात घेऊन वरची माणसांची रांग निरखली.

"यात आपला माणूस कोण?" त्याने विचारलं.

"तुम्ही कोण?"

त्याने स्वतःची जात सांगितली आणि रांगेवरून बोट फिरवत गेला. पागोट्याशी थांबला. "ह्यो असंल. पण बाजूला झाडूवाला कशाला उभा केलाय?"

"त्यालाच विचारा. त्याचा हात तुम्हीच धरलाय."

म्हातारा खो खो हसला आणि आपल्या थैलीतली भाजलेली शेंग पुढे केली.

दिवेआगरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी इथे बागा आडव्या करणाऱ्या त्या चक्रीवादळाच्या आधी आलो होतो. तेव्हा वाडीत (नारळ-पोफळीच्या बागेत) शिरलं की आभाळ दिसत नसे. आता मधेमधे उघडं आभाळ आहे आणि खाली नव्या पोफळी, काही माझ्या उंचीच्या, काही दुप्पट. एका घरासमोर बाई सुपाऱ्या सोलत बसली होती. पाणी मागितलं तर म्हणाली, "नुसतं पाणी कशाला? जेवा." तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. बिरड्याचा पहिला घास गिळायला मला वेळ लागला. तिने विचारलं, "तिखट झालं काय?" मी व्हय म्हणालो.

तिचे पाय सुजलेले दिसले. मी मोजे दाखवले. "ह्या वयात शाळेतल्या पोरीवानी मोजे घालू?" ती म्हणाली, पण पाकीट परत करायला तिने बराच वेळ लावला. मी सांगितलं, नुसते घालायचे नसतात, आधी माप घ्यावं लागतं, डॉक्टरला विचारावं लागतं. तिने श्रीवर्धनच्या बाईंचा पत्ता मला दोनदा सांगायला लावला.

पुढे सहा आसनी रिक्षाने गेलो. आम्ही नऊजण होतो. रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी माशांची टोपली. श्रीवर्धनला पोचलो तो माझ्या धोतराला बांगड्याचा वास येत होता.

नर्सबाईंचं नाव मेहरुन्निसा. नोकरीतून सुटून वर्षं झाली, मुलगा कुवेतला असतो, पण बाहेरच्या खोलीत अजून पेशंट येतात. त्यांनी मला ओळखलं. "इंदूबाईंचे मालक ना? या भाऊ, बसा." हिची बातमी त्यांना होती. समोर सांदण (नारळाच्या दुधातली तांदळाची वाफवलेली वडी) आणि चहा ठेवला. मी खाण्याच्या आधीच विचारलं.

"डाव्या मोज्याला घडी होती. मी सरळ केली न्हाय. त्यानं गेली काय ती?"

बाईंनी डॉक्टरचा कागद मागितला आणि नीट वाचला. "त्या दिवशी पाय दुखतो म्हणाल्या होत्या?"

"न्हाय. भाकऱ्या केल्या. अंगण झाडलं."

"घडीने वळ उठतो, पाय दुखतो. बरेच दिवस तशीच राहिली तर जखम होते. यात लिहिलंय हृदय बंद पडलं, आणि ते कमजोर आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भाऊ, शंभर टक्के कुणीच सांगणार नाही. पण मला विचाराल तर एका सकाळच्या घडीने माणूस जात नाही."

मी चहा घेतला. थंड झाला होता.

मग त्या म्हणाल्या, "हे विचारणारे तुम्ही दुसरे. तुमच्या लेकीचा फोन आला होता, दहाव्याच्या आधी. रडत होती. म्हणे, बाई, मी आईला चुकीच्या मापाचे मोजे पाठवले का? बाबांना विचारायची हिंमत होत नाही."

एका घरात दहा दिवस आम्ही समोरासमोर बसून जेवलो होतो.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, माप बरोबर होतं. पण फोनवरचं तिला पटलं नाही."

मी पाकीट पुढे केलं. "मग माझ्यासमोर बघा."

बाईंनी जुनी वही काढली. हिचं नाव, घोटा, पोटरी, गुडघ्याखालची उंची. पाकीट उघडून आतला मापाचा कागद वहीशी ताडून पाहिला, मोजा टेबलावर पसरून त्याची लांबी टेपने मोजली आणि मलाही बघायला लावली. चष्मा नव्हता, त्यांनी त्यांचा दिला. आकडे जुळले. मोजा घडी करता करता त्या रांगेतल्या ओढणीवालीवर थांबल्या. "ही मी काय?"

"तुम्हीच असाल."

"नाक जरा मोठं काढलंय. लेकीला सांगा."

जोड मी त्यांच्याकडेच ठेवला. त्या मापाचा पाय कुणाचा तरी येईलच. दिवेआगरच्या बाईचं नाव सांगून ठेवलं. शेवटच्या एसटीने निघालो, या खेपेला बोर्ड कंडक्टरकडून वाचून घेतला. येताना वाटलं, मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो. ते पुरतं उतरलं नाही. पण पोरीचं उतरवण्याजोगं काहीतरी हातात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना कामावर निघायच्या आधी मी फोन लावला.

"बाबा? एवढ्या सकाळी? बरं आहे ना?"

"त्या दिवशी मोज्याला घडी पडली होती. मी तशीच ठेवली. तुला सांगितलं न्हाय."

पलीकडे डबा भरायचा आवाज थांबला.

"आणि तुझं माप बरोबर होतं. टेप लावून, डोळ्यांनी बघून आलोय."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, मग तोही मोडला.

"रड," मी म्हणालो. "मी हाय फोनवर."